मी पाणी टोचलं नव्हतं

"पाणी टोचलं तुम्ही, नाना. पाणी. तेबी नळाचं."

सोपानराव आमच्या पंचवटीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे राहून ओरडत होते. माणूस पिंपळगाव बसवंतकडचा, द्राक्षवाला. बागेच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या मजुराला हाक मारायची आयुष्यभराची सवय. तो गळा पार्किंगमध्ये उघडला तेव्हा सगळ्या मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टीत एखादा शब्द हरवू नये म्हणून. रामकुंडावरची कबुतरं त्या सकाळी जी उडाली ती थेट त्र्यंबकेश्वरला जाऊन बसली, असं मी लोकांना सांगतो. अजून कोणी मला खोटं पाडलेलं नाही.

मी बनियनवर, अर्ध्या गालाला साबण. तसाच खाली उतरलो.

"सोपानराव, वर या. चहा घेऊ."

"चहा नको. आधी सांगा, माझ्या पोरीला तुम्ही काय टोचलं व्हतं?"

"काविळीची लस. दंड तुम्हीच धरला होता."

"मंग ती गेली कुठं?"

त्यांच्या मागे त्यांची लेक ऋतुजा उभी होती. नाशकातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. म्हणजे तेव्हा होती. फरशीत एखादं भोक सापडलं तर त्यात शिरावं, अशा बेतानं ती खाली बघत होती.

"पप्पा, मी गाडीत सांगितलं ना तुम्हाला, ती कुठे जात नसते," ती हळू म्हणाली.

"तू गप. तू त्यांच्यातलीच."

आता हे 'त्यांच्यातले' म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मी सुईवाला. नाशिकच्या एका डॉक्टरांकडे माझी सगळी नोकरी गेली, आणि नोकरीचे सगळे रविवार गावोगावच्या शिबिरांत गेले. ही काविळीची लस तेव्हा सरकारी यादीत आली नव्हती. म्हणून गणेश मंडळं, शाळा, सोसायट्या शिबिर लावायच्या आणि मी मोटरसायकलला मागे बर्फाची पेटी बांधून निघायचो. सिन्नरपासून चांदवडपर्यंत असा एक दंड नाही ज्याला माझी सुई लागलेली नाही. बैलसुद्धा मला बघून मान फिरवायचे.

गावात उभं राहून मी सांगायचो की कावीळ दोन जातींची. डॉक्टर म्हणायचे, पाच. पण पाच सांगितल्या की लोक आपापली निवडायला लागतात. म्हणून दोन. एक घाण पाण्यातून येते. पाहुण्यासारखी येते, छळते आणि बहुतेकदा जाते. दुसरी रक्तातून येते. सुईतून, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून, आईकडून बाळाला. ही कधी कधी घरजावयासारखी राहूनच जाते. वर्षानुवर्षं काही बोलत नाही आणि एक दिवस कळतं की यकृत खाऊन बसली आहे. आमची लस या घरजावयावरची. हे ऐकून बाया पदराआड हसायच्या, जावई लोक खाली बघायचे आणि रांग लागायची.

चांदवडकडच्या एका गावात काविळीची माळ घालणारे एक बुवा होते. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात अडकवून केलेली माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. काड्या वाळतात, दोरा सैल पडतो, माळ गळ्यात येते, मग छातीवर. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली. माझं शिबिर चालू असताना बुवा समोरच्या ओट्यावर बसून सगळं बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस गर्दी पांगवणार. ते तंबाखू मळत राहिले. गर्दी सरल्यावर डोक्यापासून घोंगडी पांघरून आत आले आणि नुसता दंड बाहेर काढला.

"बुवा, तुमच्याकडे तर माळ आहे."

"माळ आलेल्या काविळीला, नाना. न आलेल्या काविळीला माळ कुठं अडकवू?"

त्यांनी तिन्ही डोस घेतले. तिन्ही वेळा घोंगडी पांघरून.

तीन डोस, हीच या लसीची खरी गोम. पहिला, मग महिन्यानं दुसरा आणि सहा महिने उलटल्यावर तिसरा. पहिल्याला सगळं गाव येतं, कारण नवलाई असते. दुसऱ्याला अर्धं. आणि गणपतीत पहिला डोस ठेवला की तिसरा बरोबर द्राक्षकाढणीत येतो, हे कळायला माझे दोन हंगाम गेले. काढणीत द्राक्षवाल्याला सख्खी सासू गेली तरी तो आधी गाडी भरतो. मग मीच पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं साफ करून भरतात त्या शेडमध्ये, शिरायचो. क्रेटवर पेटी ठेवायची, डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायांच्या रांगेतून एकेक दंड टिपत जायचं. एक हात घड साफ करतोय, दुसरा माझ्या ताब्यात.

तिथेच सोपानरावांनी ऋतुजाला तिसऱ्या डोसाला आणली होती. एवढीशी पोर. ट्रॅक्टरवरून उतरली तीच मला चावली. चावा असा की मला वाटलं, आता मलाच कसलंतरी इंजेक्शन घ्यावं लागतंय. सोपानरावांनी एका हातानं तिचा जबडा सोडवला, दुसऱ्या हातानं दंड धरला आणि म्हणाले, "टोचा नाना. जलमभराची काळजी मिटली."

जन्मभराचं मी नव्हतो म्हणालो. ते म्हणाले होते. मी फक्त नाही म्हणालो नाही.

आता वीस वर्षांनी ही काळजी पुन्हा कशी उपटली, त्याची कथा ऐका. ही चूक अख्ख्या देशात फक्त आमच्या द्राक्षपट्ट्यातच होऊ शकते.

ऋतुजा नर्स झाली, नोकरी धरली आणि फावल्या वेळात जर्मन शिकली. जर्मन म्हणजे घशात अडकलेला काटा सभ्यपणे काढायची भाषा आहे, असं मला तिच्या तयारीवरून वाटलं. जर्मनीतल्या एका दवाखान्यानं तिला निवडलं. तिकडं नर्सला घेण्याआधी बघतात की हिच्या अंगात या काविळीविरुद्धची ताकद आहे का. कारण नर्सच्या हाताला कधी ना कधी वापरलेली सुई लागतेच. रक्त तपासतात, एक आकडा येतो. आपल्याकडच्या लॅबच्या कागदावर दहाच्या वर असला की ठीक असं लिहिलेलं असतं. ऋतुजानं रक्त दिलं आणि ड्युटीवर फोन कपाटात ठेवावा लागतो म्हणून नंबर दिला वडिलांचा.

रिपोर्ट आला तेव्हा सोपानराव बागेत. चष्मा लावला आणि वाचला.

इथं द्राक्षाची एक गोष्ट सांगावी लागेल. द्राक्ष युरोपला जायचं असेल तर काढणीआधी त्याचीही तपासणी होते. बागेतून नमुना नेतात, लॅबवाले सांगतात की तुम्ही मारलेल्या फवाऱ्यांपैकी कुठलं औषध किती शिल्लक आहे. त्याला आमच्याकडे म्हातारेसुद्धा रेसिड्यू म्हणतात. प्रत्येक औषधापुढे एक मर्यादा छापलेली असते. आकडा मर्यादेच्या खाली, तर माल पास. वर, तर सगळं वर्ष बोंबललं. सोपानरावांचं अर्धं आयुष्य अशा कागदांपुढं श्वास रोखून गेलेलं. त्यांनी लेकीचा कागद बघितला. आकडा चार. पुढं छापलेलं दहा. जायचं कुठं, तर युरोपला.

पास.

त्यांनी तिथूनच माणूस पाठवून पेढे आणवले. मजुरांना वाटले, शेजारच्या बागेत वाटले, वाकडं असलेल्या चुलतभावाला दोन जास्त दिले. लेकीचा फोटो लावून स्टेटस टाकलं. आणि जर्मनीचं काम बघणाऱ्या एजन्सीच्या बाईंना रिपोर्ट पाठवून खाली लिहिलं: 'ऋतुजा पास. रेसिड्यू फक्त चार.'

त्या बाई मुंबईच्या. त्यांनी हे वाक्य दिवसभर चार जणांना वाचून दाखवलं असेल. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. दहाच्या खाली म्हणजे ताकद दिसत नाही. आणि त्या दवाखान्याला दहासुद्धा चालत नाही, शंभराच्या वर लागतो. व्हिसाच्या तारखेआधी नवा रिपोर्ट द्या, नाहीतर मुलीचं नाव या तुकडीतून काढावं लागेल. पुढची तुकडी कधी, ते आता सांगता येणार नाही.

पेढे पोटात गेलेले होते, ते परत घेता येत नाहीत. सोपानराव गावातल्या कीटकनाशकाच्या दुकानात जाऊन बसले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि जाणकारासारखं म्हणाला, "औषध डुप्लिकेट असलं की असंच होतं, दादा. नुसतं पाणी असतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते 'पाणी' पंचवटीत पोचलं.

शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी, शकुंतलाबाईंनी, गॅलरीतून सांगितलं की चहा गाळला आहे आणि तो निवणार असेल तर तिला चालणार नाही. त्या आवाजापुढे सोपानरावांचंही चालत नाही. सगळे वर आलो. मी उरलेला साबण पुसला आणि समजवायला बसलो. समजावणं हा माझा मूळ धंदा. सुई त्यातला सोपा भाग.

"सोपानराव, दोन सिंहस्थांच्या मधल्या काळात तपोवनात जाऊन बघा. साधुग्रामाच्या जागेवर काय असतं?"

"काय असतं. गाजरगवत. न् पोरं किरकेट खेळत्यात."

"ते बघून कोणी म्हणालं की नाशिक सिंहस्थ विसरलं, तर?"

"येडा हाय म्हनू."

"तसंच आहे. कावीळ समोर नाही तर शरीर कशाला रोज तंबू ठोकून बसेल? पण आत आठवण असते. खरी कावीळ अंगात शिरू दे, चार दिवसांत आखाडे, ध्वज, मिरवणुका, सगळं हजर. कुणाला नव्यानं शिकवावं लागत नाही."

सोपानरावांनी बशीतला चहा संपवला.

"लागतं की. दर बारीला रस्ते नव्यानंच खांदत्यात. आत्ता येताना अर्धा तास आडकलो."

ऋतुजा त्या सकाळी पहिल्यांदा हसली. मी म्हणालो, शरीराला टेंडर काढावं लागत नाही. पण बाजी त्यांनी मारलेली होती.

मग ऋतुजानं सूत्रं हाती घेतली. ती वडिलांच्या समोर स्टुलावर बसली, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तशी. "पप्पा, ऐका. आकडा वर्षानुवर्षं उतरत जातो, हे सगळ्यांचंच होतं. आकडा उतरला म्हणजे आठवण पुसली असं नाही. पण लहानपणी लस घेतल्यावर माझं रक्त कोणी तपासलं नव्हतं. त्यामुळे तेव्हा लस लागली होती की नव्हती, हे आज कागदावरून कोणाला सांगता येणार नाही. नानांनासुद्धा."

मी मान हलवली. मला हे वाक्य आवडलं नव्हतं.

"म्हणून आता एक डोस घ्यायचा. एकच. महिन्यानं परत तपासायचं. आत आठवण असेल तर आकडा उडी मारून वर जाईल. नसेल तर जेमतेम सरकेल."

"न् सरकला फक्त, तर?"

"तर पहिल्यापासून तीन डोस. सहा महिने."

"न् जर्मनी?"

ऋतुजानं रिकामी कपबशी उचलून ट्रेमध्ये ठेवली. तिनं दोन वर्षं ड्युटी करून रात्रंदिवस ती भाषा घोकली होती. शकुंतलानं तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली, दुसरं काय करणार.

"आपल्याकडं धा चालतं न् त्यांला शंबर पायजे, ह्यो काय प्रकार हाय?" सोपानरावांनी विचारलं.

"पप्पा, लोकल मार्केटला दहा. एक्सपोर्टला शंभर."

हे मात्र त्यांना एका झटक्यात पटलं. मी सिंहस्थ उभा करून जे जमवू शकलो नाही, ते पोरीनं चार शब्दांत उरकलं.

"ठरलं," ते म्हणाले. "नाना, शंबर आला तर मी चुकलो. नाय आला, तर गावात पारावर बसून सांगीन, पाणी व्हतं म्हणून. तुमच्या सुया टोचून घेतलेले निम्मे लोक तिथंच बसत्यात."

इथं शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, "शंभर? हजार येईल."

"नाना, शंभर पुरे," ऋतुजा घाईनं म्हणाली.

"हजार."

"यांना एक जुडी कोथिंबीर आणायला सांगितली तरी हे असंच करतात," शकुंतला स्वयंपाकघरातून म्हणाली.

डोस ऋतुजाच्याच दवाखान्यात, तिच्या मैत्रिणीनं द्यायचा ठरला. मी आणि सोपानराव दोघं गेलो, कारण एकट्याला पाठवायला एकमेकांचा भरवसा नव्हता. सोपानरावांनी बाटली हातात मागितली. मुदत वाचली, बॅच वाचली, उजेडासमोर धरली. मग त्या मैत्रिणीला विचारलं, "हे किती लिटर पाण्यात?"

"काका, हे असंच द्यायचं असतं."

"डायरेक्ट?" त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला.

बाहेर पडलो तर पाऊस. आता द्राक्षवाल्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: फवारणीनंतर पाऊस पडला की फवारणी धुऊन गेली. त्यांनी छत्री उघडली आणि लेकीवर धरली. डोक्यावर नव्हे, दंडावर. पार्किंगपर्यंत ऋतुजा डोक्यानं भिजत आणि दंडानं कोरडी चालत गेली. दवाखान्याचा वॉचमन हे बघून उठून उभा राहिला. त्याला वाटलं, कोणीतरी मोठं असावं.

मग तो महिना सुरू झाला.

लोकांपुढं मी छाती काढून हिंडत होतो. 'हजार' हा आकडा मी सोसायटीत, भाजीवाल्याकडे, कट्ट्यावर, सगळीकडे सांगून ठेवला होता. पण खरं सांगायचं तर या लसीचं एक उलटं आहे, ते तुम्हाला सांगितलं नाही. बाकीचं औषध उन्हाला भितं. ही उन्हाला तेवढी भीत नाही, ही भिते बर्फाला. गोठली की संपली. बाहेरून काही कळत नाही, टोचलीही जाते, फक्त आत शब्द नसलेल्या पत्रासारखी असते. म्हणून पेटीत बर्फ ठेवायचा पण बाटली बर्फाला लागू द्यायची नाही. मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या. आणि टोचण्याआधी बाटली हलवून थोडा वेळ उभी ठेवायची. दुधासारखी गढूळ राहिली तर ठीक. वर पाणी, खाली चोथा झाला, तर गोठून गेलेली, फेकून द्यायची.

मी बाटल्या हलवून बघायचो. रोज. पण वीस वर्षांनी 'रोज' या शब्दाची हमी कोण देणार? रोज म्हणजे बहुतेक रोज. पॅकहाऊसच्या गर्दीत, चावऱ्या पोरीचा दंड सुटायच्या आत, त्या एका बाटलीचं काय केलं होतं ते मला आठवत नव्हतं. हलवली असणार. मी हलवायचोच. असं स्वतःला समजावत मी चहात साखर हलवायला विसरत होतो.

आमच्या धंद्याचं दुःख हे असं आहे. हाड बसवणाऱ्याला चालणारा माणूस दाखवता येतो. दात काढणाऱ्याला दात दाखवता येतो. न झालेली कावीळ कशी दाखवायची? इतक्या वर्षांत एकही माणूस माझ्याकडे येऊन म्हणाला नाही की नाना, यंदाही कावीळ झाली नाही, हे घ्या, घरचे बेदाणे. ज्याला काही होत नाही तो येतच नाही. येतो तो ओरडायला येतो.

शेवटी मला राहवेना. मी बस पकडून पिंपळगावच्या बाजारात गेलो, जुने दंड शोधायला. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. भाऊसाहेब म्हणून माझ्या एका जुन्या शिबिराचा माणूस ट्रॉलीवर बसलेला दिसला. मी वर चढलो आणि नमस्काराच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली.

"अहो नाना, काय करताय?"

"डोळे पिवळे आहेत का बघतोय."

"कांद्याच्या बाजारात डोळे लालच राहत्यात, नाना. पिवळं व्हायला येळ कुणाला हाय."

मी तरी हार मानली नाही. त्या दिवशी मी अख्ख्या बाजाराच्या पापण्या ओढल्या. हमाल, मापाडी, व्यापारी. एक व्यापारी तर मला नवीन प्रकारचा इन्स्पेक्टर समजून चहा पाजायला लागला. पिवळा डोळा एकही निघाला नाही. घरी येऊन शकुंतलाला हे विजयानं सांगितलं तर ती म्हणाली, "कावीळ झालेला माणूस बाजारात कशाला येईल? घरी झोपलेला असेल." बायकोनं एवढं तर्कशुद्ध असू नये.

महिना भरला. ऋतुजानं रक्त दिलं, या वेळी नंबर स्वतःचा. दुपारी तिचा फोन आला.

"नाना, बसलाय का?"

"उभा आहे."

"हजाराच्या वर आहे. त्यांचं मशीन त्याच्या पुढे मोजत नाही."

मी तिला सांगितलं, मला माहीतच होतं. मग फोन ठेवून मी खुर्ची शोधली. शकुंतलानं पाणी आणून दिलं, मग चहा, आणि या वेळी साखर तिनंच हलवून आणली.

संध्याकाळी बापलेक आले. सोपानरावांच्या हातात बेदाण्यांची पिशवी, चेहऱ्यावर वेगळीच चिंता. सोफ्याच्या कडेवर बसले.

"नाना, हजार म्हंजे लय झालं ना? युरोपवाले माल परत नाय पाठवनार?"

"पप्पा, ह्याला वरची मर्यादा नसते," ऋतुजा म्हणाली. मला वाटतं, हे ती गाडीतही दोनदा म्हणाली होती.

"वरची मर्यादा नाय असं युरोपात काय असतं का?" त्यांनी मला विचारलं. मी शपथेवर सांगितलं की हे एकच असतं. तेव्हा कुठं ते सोफ्यावर मागं टेकले.

मग ऋतुजानं मला सांगितलं, ज्यानं लस कधी घेतलीच नाही, त्याचा आकडा एका डोसात, महिन्याभरात असा वर जात नसतो. "म्हणजे पॅकहाऊसमध्ये तुम्ही जे टोचलं ते चांगलं होतं, नाना. आत सगळं जागेवर होतं."

मी म्हणालो, शितावरून भाताची परीक्षा; एक दंड खरा तर माझे सगळे दंड खरे. ती म्हणाली, "नाना, हा फक्त माझा दंड आहे." नर्स झाली की माणसं अशी होतात. मी तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि सगळे दंड माझ्या खात्यात जमा करून टाकले.

जाताना सोपानराव पार्किंगमध्ये थांबले. खाकरले. "पाणी नव्हतं, नाना," असं माझ्या बुटांकडे बघत म्हणाले, एवढ्या हळू की मलाही ओठ वाचावे लागले.

"जरा मोठ्यानं, सोपानराव. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं नाही."

"दुसऱ्या मजल्याला कशाला पायजे? म्या त्यांला कुठं काय सांगितलं व्हतं," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

ऋतुजा तिच्या तुकडीबरोबर गेली. जायच्या आदल्या दिवशी पाया पडायला आली तेव्हा मी तिला नीट बजावलं. तिकडे रिपोर्ट दाखवशील तेव्हा घाई करू नको. त्यांचा मोठा डॉक्टर असेल त्याला सांग की हा आकडा वीस वर्षांपूर्वीच्या सुयांवर उभा आहे. मोटरसायकलवरून आलेल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, लोडशेडिंगमधून वाचवलेल्या सुयांवर. टोचणाऱ्याचं नाव विचारलं तर स्पेलिंगसकट दे. ती हो हो म्हणत होती आणि बॅगेची चेन लावत होती.

पुढं पंधरवड्यानं तिचा व्हिडिओ कॉल आला. सोपानराव त्या दिवशी माझ्या गुडघ्यावर कुठला लेप चांगला ते सांगायला आमच्याकडेच आले होते. पडद्यावर ऋतुजा पांढऱ्या कपड्यांत, मागे बाहेर सगळं करडं. आधी त्यांनी तिला जेवलीस का विचारलं, थंडी किती विचारलं, तिकडं द्राक्षं काय भावानं आहेत ते विचारलं. मग मी फोन माझ्याकडे ओढला.

"ऋतुजा, रिपोर्ट दाखवलास का?"

"दाखवला ना, पहिल्याच दिवशी."

"हजार बघून काय म्हणाले ते? मोठे डॉक्टर होते का? चार जणांना बोलावून दाखवला असेल."

"एक बाई होत्या ऑफिसात," ती म्हणाली. "शंभराच्या वर आहे का, तेवढं बघितलं. मग ड्युटीच्या बुटांचं माप विचारलं."